दिवाळीत लस, दत्तजयंतीला रक्त, रंगपंचमीनंतर विमान

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरचं नाव देशोदेशीच्या बातम्यांत झळकलं. तिथल्या पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले होते आणि त्यात एच५एन१ विषाणू सापडला होता. भारतातली बर्ड फ्लूची ती पहिली नोंद. पुढच्या काही दिवसांत तीन किलोमीटरच्या परिघातल्या कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. पाड्यावरच्या परसातल्या चार-दोन कोंबड्यांनाही सूट नव्हती. बाहेरच्या अनेक देशांनी भारताकडून येणारी कोंबडी आणि अंडी थांबवली. नवापूरची नव्हे, भारताची. रोग निघाला नंदुरबार जिल्ह्याच्या टोकाला आणि घोर लागला तमिळनाडूत नामक्कलच्या अंडी निर्यातदारांना. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला तोच रोग पुन्हा आला, तेव्हा जुन्या पोल्ट्रीवाल्यांना पुढे काय होणार हे कोणी सांगावं लागलं नाही.

घरातला कुत्रा किंवा मांजर घेऊन परदेशी राहायला निघालेल्या कुटुंबाने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. त्या देशाचा पशुवैद्यकीय अधिकारी आपला मोती किती शहाणा आहे हे विचारत नाही. तो कुठल्या देशातून आला आणि त्या देशात कोणता रोग आहे, एवढंच पाहतो. कुत्र्याच्या बाबतीत तो रोग रेबीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या बळींपैकी सुमारे एक तृतीयांश बळी भारतात जातात. त्यामुळे शहाद्याच्या बंगल्यात वाढलेला, कधी फाटकाबाहेर न गेलेला लॅब्राडॉर असो की धडगावच्या पाड्यावरचा गावठी वाघ्या, परक्या विमानतळावर दोघांची पत सारखीच. ती पत कागदांनी मिळवावी लागते आणि त्या कागदांना महिने लागतात. पैसे मोजून ते महिने कमी होत नाहीत, ओळखीने तर नाहीतच.

एकदा क्रम समजला की बाकीचं काम चिकाटीचं आहे. युरोपीय संघ, ब्रिटन आणि अमेरिका यांचे नियम वेगवेगळे असले तरी सुरुवात एकच: आधी चिप, मग लस. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. दोन खांद्यांच्या मधल्या सैल कातडीखाली ती जाड सुईने सोडतात. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो आणि ती आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांची असावी लागते. चिप बसण्याच्या आधी टोचलेली रेबीजची लस या देशांच्या लेखी टोचलेलीच नसते. लस कोणत्या कुत्र्याला दिली हे सिद्ध करणारी खूण त्या दिवशी कुत्र्याच्या अंगात नव्हती, असा त्यामागचा तर्क. कुत्र्याला सात वर्षं नेमाने लस दिलेली असली आणि चिप आठव्या वर्षी बसवली, तर हिशेब शून्यापासून सुरू होतो. घरातल्या लोकांना हे अन्यायाचं वाटतं. वाटू द्यावं आणि चिप बसल्यावर लस पुन्हा टोचून घ्यावी.

नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा इथल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचं मुख्य काम गाई-बैल, म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांचं. तिथल्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे आयएसओ चिप आणि ती वाचणारं यंत्र असेलच, असं गृहीत धरू नये. आधी फोन करून विचारावं. नसेल तर नाशिक, सुरत, पुणे किंवा मुंबईत पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात जाऊन चिप बसवावी आणि त्याच बैठकीत, चिप यंत्राने वाचून झाल्यावर, लस घ्यावी. दोन्हींची तारीख एकच आली तर चालतं, क्रम मात्र कागदावर दिसला पाहिजे. लसीच्या पुस्तिकेत चिपचा क्रमांक, लसीचं नाव, कंपनी, बॅच क्रमांक, टोचल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हे सगळं हवं. बाटलीवरचं स्टिकर पुस्तिकेत चिकटवून घेतलं तर उत्तम. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला होणाऱ्या मोफत शिबिरांतली लस तितकीच चांगली असते. पण हाती पडलेल्या चिठ्ठीवर फक्त 'रेबीज दिली' एवढंच लिहिलं असेल, तर परदेशी कामासाठी ती चिठ्ठी कुचकामी. पिलू बारा आठवड्यांचं होण्याआधी टोचलेली लसही धरत नाहीत.

यानंतरची पायरी रक्ताची, आणि बहुतेकांचं वेळापत्रक कोलमडतं ते इथेच. लसीमुळे शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली आहेत का, हे रक्त तपासून सिद्ध करावं लागतं. प्रमाण प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक. युरोपीय संघासाठी हे रक्त लस दिल्यापासून निदान ३० दिवसांनी काढलेलं हवं, आणि रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबल्याशिवाय प्राण्याला युरोपात पाऊल ठेवता येत नाही. अहवाल आठवड्यात आला तरी थांबायचं ते थांबायचंच. कारण साधं आहे. लस देण्याच्या आधीच एखादं पिसाळलेलं कुत्रं चावलं असेल, तर रोग अंगात दबा धरून बसलेला असू शकतो. तीन महिन्यांत तो बहुधा डोकं वर काढतो.

तारखांचं हे गणित खानदेशातल्या माणसाला सणांवर मांडून लवकर उमगेल. दिवाळीच्या आसपास चिप आणि लस. तिथून दत्तजयंती साधारण दीड महिन्यावर. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार भरतो त्या दिवसांत रक्त काढलं, तर ३० दिवसांची अट आरामात पुरी होते. मार्गशीर्ष पौर्णिमेपासून फाल्गुन पौर्णिमेपर्यंत तीन चांद्रमास. अक्कलकुव्यातल्या काठीची राजवाडी होळी पेटते तेव्हा तीन महिने झाले असं वाटेल, पण चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे होळीला जेमतेम अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद दिवस भरतात. युरोपचे तीन महिने इंग्रजी कॅलेंडरचे. होळीच्या दुसऱ्या दिवशीचं विमान एखाद्या दिवसाने चुकायचं. रंगपंचमी उलटू द्यावी आणि मग तिकीट काढावं. अर्थात फायलीत तिथी लिहायची नाही. लसीची, रक्ताची, प्रवेशाची तारीख आकड्यांत लिहावी आणि मोजताना दोन माणसांनी मोजावी.

म्हणजे जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये जूनमध्ये रुजू व्हायचं असेल, तर कुत्र्याची तयारी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून. पिलू असेल तर बारा आठवड्यांचं वय, त्यावर महिना, त्यावर तीन महिने असं धरून सात महिन्यांच्या आत ते भारतातून युरोपात पोचूच शकत नाही. दोन महिन्यांचं गोंडस पिलू परदेशी राहणाऱ्या नातवासाठी घेऊन जाण्याचा बेत आजीने मनातच ठेवलेला बरा.

रक्ताचा नमुना कुठेही तपासून चालत नाही. त्या-त्या देशाने मान्य केलेल्या प्रयोगशाळांची यादी असते. यादीबाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल कितीही अचूक असला तरी अमान्य. नमुना पाठवण्याआधी यादी त्या दिवशी पुन्हा पाहावी, कारण नावं येतात-जातात. रक्त काढल्यावर त्यातला सीरम वेगळा करून थंड ठेवून पाठवावा लागतो. नंदुरबारहून कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेला नमुना खराब होण्याची भीती मोठी, म्हणून रक्त मुंबई-पुण्यातच काढून तिथूनच रवाना करणं शहाणपणाचं. नमुन्याच्या अर्जावर चिपचा क्रमांक बिनचूक हवा. पंधरापैकी एक आकडा इकडचा तिकडे झाला तर तो अहवाल दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो. आणखी एक: आयुष्यात पहिल्यांदाच, एकच डोस घेतलेल्या प्राण्यात प्रतिपिंडांचं प्रमाण कधीकधी ०.५ च्या खाली राहतं किंवा काही महिन्यांत खाली उतरतं. दोन डोस द्यायचे का आणि रक्त नेमकं कधी काढायचं, हे पशुवैद्यांशी आधीच बोलून घ्यावं. एकदा चाचणी पास झाली आणि पुढे बूस्टरची तारीख कधीही चुकू दिली नाही, तर युरोपासाठी ती चाचणी जन्मभर चालते. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

ब्रिटनचा हिशेबही असाच, पण दोन खाचाखोचा आहेत. ग्रेट ब्रिटनमध्ये विमानाने येणारं कुत्रं-मांजर मालकाच्या पायाशी किंवा सामानासोबत येऊ शकत नाही, ते कार्गो म्हणूनच यावं लागतं. लंडनच्या हीथ्रोवर त्यासाठी स्वतंत्र प्राणी स्वागत केंद्र आहे. आणि कुत्र्याला पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पट्टकृमींवरचं औषध डॉक्टरांच्या हातून देऊन तशी वेळेसकट नोंद करावी लागते. आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे यांचीही हीच अट. मुंबईहून निघण्याच्या आदल्या दिवशी औषध दिलं तर वेळ जुळते. घरून निघताना घाईने दिलं आणि मुंबईत मुक्काम लांबला, तर १२० तास कधी सरले हे कळतही नाही.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम बदलले. ज्यांनी २०२३ पर्यंत कुत्रा नेला त्या ओळखीच्यांचा अनुभव आता कामाचा नाही. भारत हा कुत्र्यांच्या रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. इथून जाणारा कुत्रा निदान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, भारतात दिलेल्या लसीचं व चिपचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाने शिक्कामोर्तब केलेलं हवं, सीडीसी या तिथल्या आरोग्य यंत्रणेचा ऑनलाइन अर्ज भरलेला हवा आणि त्यांच्याकडे नोंदलेल्या प्राणी केंद्रात जागा राखून ठेवलेली हवी. तिथे कुत्र्याची तपासणी होते आणि पुन्हा लस दिली जाते. रक्ताचा अहवाल सीडीसीने मानलेल्या प्रयोगशाळेचा असेल तर सुटका लवकर. नसेल तर त्याच केंद्रात २८ दिवस क्वारंटाइन, खर्च मालकाचा. रक्त पहिल्या लसीनंतर निदान ३० दिवसांनी आणि प्रवेशाच्या निदान २८ दिवस आधी काढलेलं असावं लागतं.

मराठी कुटुंबांची अडचण होते ती विमानतळाची. असं केंद्र असलेले विमानतळ मोजके: न्यूयॉर्कचं जेएफके, लॉस एंजेलिस, अटलांटा, वॉशिंग्टन डलेस असे. कुत्र्याने अमेरिकेत पहिलं पाऊल तिथेच टाकायचं. सॅन होजेला राहणाऱ्या मुलाकडे निघालेल्यांनी सॅन फ्रान्सिस्कोचं तिकीट काढलं, तर कुत्र्यासाठी ते तिकीट चुकीचं. मांजरांना मात्र सीडीसीची ही साखळी लागू नाही, पण विमान कंपनी आणि ते राज्य काय मागतं हे पाहावंच लागतं. हवाई बेटांचा कायदा तर अगदीच निराळा.

नंदुरबारच्या वाचकासाठी अमेरिकेच्या आणखी दोन अटी फार जवळच्या आहेत. इथला कुत्रा बहुधा गोठ्यात वावरतो, कडब्याच्या गंजीवर लोळतो, शेतातून चिखल घेऊन येतो. भारतात गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग आहे, आणि त्याचा विषाणू पायाला-केसांना चिकटलेल्या मातीतून, गवतातून जाऊ शकतो. म्हणून कुत्र्याचे पाय, केस आणि पिंजऱ्यातलं अंथरूण यांना माती, शेण किंवा चारा लागलेला नसावा, पोचल्यावर त्याला आंघोळ घालावी आणि काही दिवस गुरांपासून लांब ठेवावं, अशी तिथल्या कृषी खात्याची अट आहे. दुसरी अट जखमेतल्या अळ्यांची. कुत्र्याच्या कानामागे, शेपटीच्या बुडाशी जखम होऊन तिच्यात किडे पडणं हे इथे पावसाळ्यात नेहमीचं. अशा अळ्या नाहीत, हे तपासून दिलेलं ताजं प्रमाणपत्र लागतं. प्रवासाच्या आधीचे काही आठवडे कुत्र्याला गोठ्यापासून वेगळं, घराच्या ओट्यावर ठेवावं, गोचिडांचं औषध द्यावं, आणि निघताना जुनी गोधडी सोबत देण्याचा मोह आवरावा. वासाच्या ओळखीसाठी घरातला एखादा स्वच्छ धुतलेला सदरा पुरतो.

कॅनडा तुलनेने सोपा. मालकासोबत जाणाऱ्या घरच्या कुत्र्याला मुख्यतः रेबीजच्या लसीचं नीट भरलेलं प्रमाणपत्र लागतं. मात्र २८ सप्टेंबर २०२२ पासून भारतासारख्या देशांतून 'व्यापारी' वर्गातले कुत्रे घेणं कॅनडाने बंद केलं आहे, आणि तिथे कोणाला दत्तक देण्यासाठी पाठवलेलं रस्त्यावरचं पिलूही याच वर्गात मोडतं. हेतू कितीही चांगला असला तरी. दुबई-अबुधाबीसाठी अमिरातीच्या पर्यावरण मंत्रालयाचा आयात परवाना आधी काढावा लागतो, आणि पिट बुलसारख्या काही जातींना तिथे दार बंद आहे. जर्मनीतही पिट बुल, बुल टेरियर आणि त्यांच्या जवळच्या जाती आणता येत नाहीत. खानदेशात हौसेने पिट बुल पाळणारे आहेत. त्यांनी नोकरी स्वीकारण्याआधीच हे पाहिलेलं बरं. जपानला दोन लसी, रक्त आणि रक्तानंतर १८० दिवसांची प्रतीक्षा. ती भारतात पुरी केली नाही तर उरलेले दिवस तिथल्या क्वारंटाइनमध्ये.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे सगळ्यांत कडक. भारतातून तिथे कुत्रा किंवा मांजर थेट नेताच येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या तिसऱ्या देशात नेऊन, तिथे त्यांच्या अटी पुऱ्या करून, मग पुढे. ऑस्ट्रेलियात उतरल्यावर मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात क्वारंटाइन आहेच. नियम वाकवता येईल असं कोणाला वाटत असेल, तर २०१५ ची गोष्ट आठवावी. अभिनेता जॉनी डेपचे पिस्टल आणि बू हे दोन यॉर्कशायर टेरियर खासगी विमानातून नोंद न करता क्वीन्सलँडला आले. कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी जाहीरपणे ठणकावलं: कुत्रे परत न्या, नाहीतर ते मारावे लागतील. दोघेही अमेरिकेला परत गेले. हॉलिवूडच्या नटाची ही गत. आईवडील वृद्ध आहेत, मुलाची परीक्षा आहे, ही कारणं तिथे कोण ऐकणार? मेलबर्नची बदली आली, तर कुत्रा नंदुरबारलाच काका-मामांकडे सांभाळायला देण्याचा विचार घरात मोकळेपणाने व्हावा. त्यात कमीपणा काही नाही. म्हाताऱ्या, हृदयाच्या किंवा श्वासाच्या त्रासाच्या प्राण्यासाठी तर कोणत्याही देशाच्या बाबतीत तो विचार आधी व्हायला हवा.

कुत्र्या-मांजरांखेरीज इतर सोबत्यांचं काय? मिठूचा प्रश्न लवकर मिटतो. कंठवाला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे; २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो अनुसूची २ मध्ये आला. त्याला पिंजऱ्यात पाळणं हाच गुन्हा, परदेशी नेण्याची तर बातच नको. तारा कासवही संरक्षितच. परदेशी जातींचे पोपट, इग्वाना वगैरे पाळणाऱ्यांनी २०२४ च्या नियमांप्रमाणे वनखात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेली असावी लागते, आणि त्यांच्या प्रवासाला जातीप्रमाणे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचा परवाना लागू शकतो. पक्ष्यांच्या बाबतीत युरोप विशेष सावध आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये ब्रिटनमधल्या क्वारंटाइन केंद्रात आयात केलेल्या पक्ष्यांत एच५एन१ सापडला, तेव्हा युरोपीय संघाने रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात थांबवली आणि २००७ मध्ये ती बंदी कायमची केली. ब्रिटनमधल्या त्या घटनेनंतर चारच महिन्यांनी तोच विषाणू नवापुरात निघाला होता.

सारंगखेड्याच्या बाजारात मारवाडी किंवा काठेवाडी घोडा पाहून परदेशस्थ पाहुण्याचे डोळे चमकतात. तो घोडा खरेदी करून सोबत नेता येणार नाही. मारवाडी, काठेवाडी आणि मणिपुरी घोड्यांची निर्यात परवान्याखालीच होते, आणि घोडा पाठवायचा तर भारताची घोड्यांच्या रोगांबाबतची पतही आड येते. ती सावरण्यासाठी मेरठ छावणीतल्या लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी केंद्रात रोगमुक्त विभाग उभारला गेला आणि २०२५ मध्ये जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. देशाच्या स्पर्धक घोड्यांना बाहेर जाण्याची वाट त्यामुळे मोकळी होते आहे. यात्रेतल्या घोड्याला नाही.

पुन्हा कुत्र्याकडे. तीन महिन्यांच्या प्रतीक्षेचा काळ रिकामा घालवू नये, तो पिंजऱ्याच्या सवयीसाठी वापरावा. विमान कंपन्या आयएटीए या आपल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्राणी-वाहतूक नियमांप्रमाणे पिंजरा मागतात: कुत्र्याला कान न टेकता उभं राहता यावं, गोल फिरता यावं, पाय पसरून झोपता यावं, हवा सगळ्या बाजूंनी खेळावी, दाराला बाहेरून भरता येईल असं पाण्याचं भांडं असावं. कुत्रा पिंजऱ्यात न घालता त्याची लांबी-उंची टेपने मोजून कंपनीला कळवावी. पिंजरा घरी आणून दार उघडं ठेवावं, जेवण आतच द्यावं. आधी तो तोंड घालेल, मग दुपारी आत झोपेल. दार लावून पाच मिनिटं, अर्धा तास, मग गाडीत ठेवून शहादा ते नंदुरबार. ज्या कुत्र्याने पिंजरा पहिल्यांदा मुंबई विमानतळावर पाहिला, तो जाळी कुरतडून तोंड रक्ताळून घेऊ शकतो. गुंगीचं औषध देऊ नये. उंचीवर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो आणि गुंगलेला प्राणी बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. पग, बुलडॉग, बॉक्सर आणि पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जातींना अनेक कंपन्या कार्गोत नाकारतात किंवा उन्हाळ्यात बंदी घालतात. ही अडचण नियमांची नाही, त्यांच्या श्वासनलिकेची आहे.

नंदुरबार ते मुंबई हा जवळपास चारशे किलोमीटरचा टप्पा लोक गृहीत धरतात. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीच्या वर असतो. रस्त्याने जायचं तर संध्याकाळी निघून धुळे, नाशिक करत पहाटे कसाऱ्याचा घाट उतरावा, दर दोन-तीन तासांनी थांबून पाणी द्यावं, आणि चहाला थांबताना कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नये. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन घ्यावी लागते. नाहीतर त्याला ब्रेकव्हॅनमध्ये जावं लागतं. तापी काठच्या उन्हात तो डबा कसा तापतो हे ज्याने पाहिलं आहे, तो ब्रेकव्हॅनचा विचार हिवाळ्यासाठी राखून ठेवेल. ज्या गाडीने जायचं तिला पहिला वर्ग आहे का, हे पार्सल ऑफिसात आणि आरक्षण खिडकीवर दोन्हीकडे विचारावं.

मुंबईत निदान दोन-तीन दिवस हाताशी असावेत. भारतातून प्राणी बाहेर नेताना केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसचं, म्हणजे बोलण्यातल्या 'एक्यूसीएस'चं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी प्राण्याला तपासणीला हजर करावं लागतं. सोबत पासपोर्टची प्रत, तिकीट, लसीची पुस्तिका, चिपची नोंद, रक्ताचा अहवाल, खासगी पशुवैद्यांचं तंदुरुस्तीचं पत्र आणि प्राण्याचा फोटो. जायच्या देशाचा ठरावीक नमुना असेल तर तो छापून न्यावा आणि अधिकाऱ्यांना आधी दाखवावा. युरोपचं प्रमाणपत्र दिल्यापासून दहा दिवसांत तिथे पोचावं लागतं, म्हणून हे काम फार आधीही करून चालत नाही. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या मधे येणार नाहीत, असं विमान निवडावं. गणपतीत किंवा दिवाळीत निघणारे इथे हमखास अडतात. मालकही प्राण्याच्या मागेपुढे पाच दिवसांच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर युरोप आणि ब्रिटनच्या लेखी तो घरचा कुत्रा न राहता व्यापाराचा माल होतो.

एजंट घ्यावा का? मोठा कुत्रा कार्गोने जाणार असेल, तर बुकिंग आणि विमानतळावरची धावपळ यासाठी जाणकार एजंट उपयोगी पडतो. मात्र पैसे देण्याआधी त्याच्याकडून लसीपासून प्रवेशापर्यंतच्या तारखा लेखी मागाव्यात आणि त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळाशी स्वतः ताडून पाहाव्यात. मोठ्या कुत्र्याचं कार्गोचं भाडं माणसाच्या तिकिटापेक्षा जास्त होऊ शकतं, हेही आधीच धरून चालावं.

जाताना मिळालेले सगळे कागद, विशेषतः एक्यूसीएसचं निर्यात प्रमाणपत्र, फेकू नयेत. परत येताना हाच कुत्रा भारतातून गेला होता, हे त्यावरूनच दाखवता येतं. परदेशात पाळलेला प्राणी भारतात आणायचा असेल तर नियम वेगळे: दोन वर्षं सलग बाहेर राहून कायमचं परतणाऱ्याला सामानाच्या सवलतीत दोन प्राण्यांपर्यंत आणता येतात, तसं नसेल तर परदेश व्यापार महासंचालनालयाच्या परवान्याचा मार्ग उरतो, आणि पैदाशीसाठी किंवा विक्रीसाठी कुत्रे आणण्यावर २०१६ पासून बंदी आहे. रेबीजची लस प्रवासाच्या महिनाभर आधीची, पण वर्षाच्या आतली लागते. एक्यूसीएसचं ना-हरकत प्रमाणपत्र निघण्याआधीच हातात हवं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धातून सुटून आलेल्या विद्यार्थ्यांच्या कुत्र्या-मांजरांसाठी सरकारने या अटी सैल केल्या होत्या, पण ती सवलत त्या प्रसंगापुरतीच होती. प्राणी उतरू शकतो तो दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूरु, हैदराबाद आणि कोची अशा ठरावीक विमानतळांवर. नंदुरबारकरांना सुरत जवळचं आणि तिथे आता दुबई-शारजाहची विमानंही उतरतात, पण सुरत या यादीत नाही. दुबईहून कुत्रा घेऊन येणाऱ्याने तिकीट मुंबईचंच काढावं.